डीपी किती मोठी हवी, हे मोहल्ल्याने मोजून सांगावे

उन्हाळा लागला की आपल्या बीड जिल्ह्यात दोन गोष्टींची चर्चा गल्लोगल्ली होते. एक पाणी, दुसरी डीपी. पाण्यावर सभा होतात, मोर्चे निघतात, नेते बोलतात. डीपी जळाली की मात्र चार माणसे कार्यालयात जाऊन ओरडतात, दोन-चार दिवस अंधारात जातात, वर्गणी गोळा होते, कुणीतरी टेम्पो करून देतो आणि तेवढ्याच क्षमतेची दुसरी डीपी येऊन बसते. पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा जळते. डीपी पुन्हा का जळली, असे कुणी विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘लोड जास्त आहे.’ पण लोड नेमका किती आहे, हे ना आपण सांगू शकतो ना कार्यालय. माझे म्हणणे साधे आहे. डीपीची योग्य क्षमता ठरवायची असेल तर खरा हिशोब मोहल्ल्यातून निघाला पाहिजे. तो हिशोब लपवणारेही आपल्यातच आहेत आणि तो न मागणारेही आपणच आहोत.

आधी डीपी म्हणजे काय ते समजून घेऊ. सरकारी मराठीत तिला वितरण रोहित्र म्हणतात. ११ हजार व्होल्टची वीज घेऊन ती आपल्या घरात चालेल अशी, म्हणजे तीन फेजमध्ये सुमारे ४३३ व्होल्ट आणि एका फेजला साधारण २३० ते २५० व्होल्ट करून देते. तिची क्षमता केव्हीए या मापात मोजतात. आपल्याकडे वस्त्यांमध्ये बहुतेक ६३, १०० आणि २०० केव्हीएची रोहित्रे दिसतात. ६३ केव्हीएची डीपी एका फेजवर साधारण ८४ अँपिअर देऊ शकते, १०० ची १३३ आणि २०० ची २६७. हा आकडा डीपीच्या पाटीवर लिहिलेला असतो. म्हणजे आपल्या डीपीचे बळ किती, हे गुपित नाही. गुपित असते ते तिच्यावरचे ओझे.

ओझे वाढले की काय होते? डीपीच्या आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेची गुंडाळी असते, तिच्यावर कागदाचे वेष्टन असते आणि सगळे तेलात बुडालेले असते. गुंडाळीतून जाणारा करंट दुप्पट झाला की तिथली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. दीडपट करंट म्हणजे सव्वादोनपट उष्णता. कागदाचे तापमान ठरलेल्या मर्यादेपुढे दर सहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ हिशोब आहे. आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. बाहेरच ४२ अंश. तेल थंड व्हायला रात्र हवी, आणि रात्रभर कूलर चालू. म्हणून डीपी एका दिवसात जळाल्यासारखी दिसली तरी ती महिनोन्‌महिने आतून भाजत आलेली असते.

त्यात आपण एक उपद्व्याप करतो. फ्यूज उडायला लागला की कुणीतरी त्यात जाड तार टाकून देतो. मग फ्यूज उडत नाही आणि सगळे खूश होतात. पण फ्यूज उडतो तो डीपीला वाचवण्यासाठी. त्याला उडू दिले नाही की उडायची पाळी डीपीची येते. शिवाय डीपीच्या पेटीला हात घालणाऱ्यांचे जीव गेलेले आपण पाहतो. ते काम लाइनमनचेच आहे.

आता मुख्य प्रश्न. किती घरांना किती मोठी डीपी लागते?

समजा एक मोहल्ला आहे, ८० घरांचा. साध्या घरात काय असते? तीन पंखे म्हणजे २२५ वॅट, पाच एलईडी दिवे ५०, टीव्ही १००, फ्रिज १५०, कूलर २००, मिक्सर ५००, नळाला लावायची अर्ध्या एचपीची मोटर ५००, इस्त्री १०००. बेरीज २७२५ वॅट. ८० घरांचे झाले २१८ किलोवॅट. ही बेरीज पाहून कुणी म्हणेल, ३१५ केव्हीएची डीपी द्या. पण तेही बरोबर नाही. कारण ८० घरांतल्या ८० इस्त्र्या आणि ८० मिक्सर एकाच क्षणी चालू नसतात. एकाचे बंद असते तेव्हा दुसऱ्याचे चालू असते. अभियंते याला भाराची विविधता म्हणतात आणि डीपीची क्षमता ठरवण्याचे सगळे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. सगळ्यांकडे मिळून काय आहे, हा अर्धाच प्रश्न. त्यातले एकाच वेळी काय चालते, हा खरा प्रश्न.

उन्हाळ्याच्या रात्री नऊ वाजता पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज, कूलर हे घरोघर चालू असतात. म्हणजे घरामागे ७२५ वॅट, ८० घरांचे ५८ किलोवॅट. दहा घरांत एसी आले असतील तर आणखी १५. झाले ७३. आता त्याच वेळी नळ आला. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून ते येते तेव्हा सगळ्या मोटरी एकदम लागतात. निम्म्या घरांनी लावल्या तरी २० किलोवॅट. एकूण ९३. किलोवॅटचे केव्हीए करताना पॉवर फॅक्टर धरावा लागतो. तो ०.८५ धरला तर सुमारे १०९ केव्हीए. म्हणजे १०० ची डीपी त्या तासाला ओझ्याखाली आहे. मशिदीचे कूलर आणि पिठाची गिरणी अजून मोजलेलीच नाही.

आता याच मोहल्ल्याचा कागद पाहू. वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो. आपल्यापैकी किती जणांनी तो वाचला आहे? जुन्या जोडण्यांवर तिथे अर्धा किंवा एक किलोवॅट लिहिलेले सापडते. जोडणी घेतली तेव्हा घरात दोन बल्ब आणि एक पंखा होता. नंतर फ्रिज आला, कूलर आला, मुलाने दुबईहून पैसे पाठवले आणि एसीही आला. कागदावरचा आकडा तसाच राहिला. समजा ८० पैकी ६० घरांना मीटर आहे आणि प्रत्येकी एक किलोवॅट मंजूर आहे, तर कागदावर या मोहल्ल्याचा भार ६० किलोवॅट. त्यातली विविधता धरली तर ६३ ची डीपी पुरून उरायला हवी! आणि उरलेली २० घरे? ती आकड्यावर आहेत. तारेवर टाकलेल्या आकड्यावर. ती कुठल्याच कागदावर नाहीत, पण त्यांचे कूलर त्याच डीपीवर चालतात.

कागदावर ६३ पुरेशी आणि प्रत्यक्षात १०० अपुरी. ही दरी भरून निघत नाही, तोवर कितीही डीप्या बदला, त्या जळतच राहणार.

यात आपल्या मोहल्ल्यांची म्हणून एक खास गोष्ट आहे आणि ती आपल्याशिवाय दुसरा कुणी सांगणार नाही. भाराची विविधता ज्या गृहीतावर चालते, ते गृहीत रमजानमध्ये मोडते. इतर दिवशी पहाटे चार वाजता वस्ती झोपलेली असते. रमजानमध्ये त्याच वेळी घरोघर दिवे लागतात, मिक्सर फिरतो, मोटर लागते. सगळ्यांची सहेरी एकाच वेळी संपते, म्हणून सगळ्यांची घाई एकाच वेळी होते. इफ्तारचेही तसेच. तरावीहला मशिदीतले सगळे कूलर चालू आणि घरातलेही चालूच. आणि चांदरात! त्या रात्री कोणत्या घरात इस्त्री होत नाही? ८० पैकी २७ घरांत एकाच वेळी इस्त्री गरम झाली तर २७ किलोवॅट. ते वरच्या ७३ मध्ये मिळवा, शंभर किलोवॅट झाले. म्हणजे ११७ केव्हीएच्या आसपास. त्या मोहल्ल्याला ६३ ची डीपी असेल तर तिच्यावर पावणेदोनपटीहून जास्त ओझे आणि गुंडाळीत साडेतीनपट उष्णता. चांदरातीला डीपी गेली की लोक म्हणतात, मुद्दाम घालवली. कधी कुणी काही मुद्दाम करतही असेल, मला ते माहीत नाही. पण मुद्दाम न करताही ती जाणारच होती, हे गणित सांगते.

२०१८ आणि २०१९ मध्ये रमजान ऐन मे महिन्यात आला होता. चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, आता तो थंडीकडे सरकतो आहे. म्हणून हायसे वाटून घेऊ नका. थंडीतल्या सहेरीला आणि फजरच्या वजूला गरम पाणी लागते. एक गीझर २००० वॅटचा, पाणी तापवायचा रॉड १००० ते १५०० चा. वीस घरांत गीझर लागले तरी ४० किलोवॅट, तेही पहाटे पाच वाजता. कूलरची जागा गीझर घेईल, एवढाच फरक.

खेड्यांत आणि तांड्यांवर बीडची आणखी एक गंमत आहे. आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या आगेमागे गाडीसेंटर, टोळ्या, सगळे कारखान्यांवर जातात आणि घरांना कुलपे लागतात. मार्च-एप्रिलमध्ये ते परत येतात. जानेवारीत त्या वस्तीच्या डीपीचे रीडिंग घेतले तर लोड अर्धाही दिसणार नाही. माणसे परततात तेव्हा नेमका उन्हाळा असतो. म्हणून आपल्याकडे डीपीचे मोजमाप मे महिन्यातल्या रात्री आठ-नऊ वाजताचेच धरले पाहिजे. लाइनमनकडे टॉन्ग टेस्टर असतो, तारेला चिमट्यासारखा लावला की करंट दिसतो. तिन्ही फेजचे वेगवेगळे रीडिंग घ्यावे. तीनदा, तीन वेगळ्या दिवशी. पाच मिनिटांचे काम आहे.

तिन्ही फेज वेगवेगळे का? कारण डीपीची ताकद तीन फेजमध्ये सारखी वाटलेली असते. १०० केव्हीएची म्हणजे एका फेजला ३३. वस्तीत एका फेजची वीज गेली की लोक आपली तार दुसऱ्या फेजवर टाकून घेतात आणि वीज आल्यावर परत नेत नाहीत. मग एका फेजवर चाळीस घरे आणि दुसऱ्यावर पंधरा. डीपी एकूण हिशोबाने पुरेशी असते, तरी तो एक फेज तिला जाळतो. कधी कधी नवी डीपी लागतच नाही, घरांची वाटणी नीट केली की भागते.

आता काही जण म्हणतील, एवढा हिशोब कशाला, सरळ २०० ची मागू, मोठीच चांगली. इथे माझे मत वेगळे आहे. मोठी डीपी रिकामी असली तरी तिचा लोखंडी गाभा चोवीस तास थोडी वीज खात राहतो आणि तो खर्च शेवटी आपल्याच दरात येतो. दुसरे म्हणजे, मोठी डीपी मोहल्ल्याच्या एका टोकाला बसवली तर दुसऱ्या टोकाच्या घराला तिचा उपयोग नाही. समजा लाइनचा विरोध किलोमीटरला एक ओहम आहे. ४०० मीटरवरच्या घरांसाठी त्या तारेतून ५० अँपिअर जात असेल तर वाटेतच २० व्होल्ट खर्च होतात. २३० चे २१० उरतात. नियमाप्रमाणे घरात ६ टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्ट. फेजची वाटणी विस्कटलेली असेल तर व्होल्टेज आणखी पडते. पंखा रांगतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर जळतो. डीपी कितीही मोठी असो, तार तीच आणि अंतर तेच. म्हणून आपल्या ८० घरांच्या मोहल्ल्याला माझ्या हिशोबाने उत्तर असे : आजची गरज ११७, पुढच्या काही वर्षांची वाढ धरून डीपी ८० टक्क्यांपर्यंतच भरावी, म्हणजे सुमारे १४७ केव्हीए. ती गरज एका २०० ने भागवण्यापेक्षा दोन टोकांना १०० च्या दोन डीप्या बसवाव्यात. तार आखूड होते, आणि एक गेली तर निम्मा मोहल्ला तरी उजेडात राहतो.

हे काही नवे तत्त्व नाही. शेतीपंपांसाठी राज्याने २०१८ मध्ये उच्चदाब वितरण प्रणालीची योजना आणली. त्यात एक-दोन शेतकऱ्यांना मिळून १०, १६ किंवा २५ केव्हीएची छोटी डीपी देण्याचा विचार होता. छोटी डीपी, जवळ डीपी. पंपाला जे तत्त्व लागू पडते, ते दाट मोहल्ल्याला का नको?

आता कडू गोष्ट. आकडा. वीजचोरी एका जमातीची नाही, एका गावाची नाही. वीज कायद्याच्या १३५ व्या कलमात तिला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे आणि तिथे धर्माचा रकाना नाही. तरी आपल्या मोहल्ल्यांकडे बोट दाखवले जाते, हे आपण जाणतो. त्याचा राग येतो, तो यायलाच हवा. पण राग आला म्हणून आकडा हलाल होत नाही. कुरआनमध्ये माप मारणाऱ्यांवर एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. आपल्याकडे ती ऐकली की किराणा दुकानदाराचा तराजू आठवतो. मीटरही तराजूच आहे. शिवाय यात नुकसान कुणाचे होते? वीज कंपनीचे होते ते वेगळे, पण आधी शेजाऱ्याचे होते. माझ्या आकड्यामुळे डीपी जळाली तर शेजारच्या बिल भरणाऱ्या विधवेचा फ्रिज आणि तिच्या मुलाची दहावीची रात्र गेली. हा हुकूकुल इबादचा, माणसाच्या माणसावरच्या हक्काचा मामला आहे. तो त्या माणसाने माफ केल्याशिवाय माफ होत नाही, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले आहे. जुम्म्याच्या बयानात हा विषय यायला हवा. आणि मशिदीची, मदरशाची, जलशाची रोषणाईही मीटरवरचीच हवी. सार्वजनिक उत्सवांसाठी तात्पुरती अधिकृत जोडणी मिळते, ती घ्यावी.

याची दुसरी बाजूही तेवढीच ठामपणे सांगतो. ‘तुमच्या भागात थकबाकी आहे, आधी ती भरा, मग डीपी’ हे वाक्य अनेकांनी ऐकले असेल. थकबाकीदाराची वीज तोडायचा रस्ता कायद्याने दिलेला आहे. ५६ व्या कलमाप्रमाणे त्याला १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी आणि तोडावी. त्या एका माणसाची. ज्याने वेळेवर बिल भरले, त्याला शेजाऱ्याच्या थकबाकीसाठी अंधारात ठेवणे न्यायाचे नाही. जळालेली डीपी शहरात २४ तासांत आणि ग्रामीण भागात ४८ तासांत सुरू करावी, अशी मुदत राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांतून आलेली आहे. ती मुदत म्हणजे मेहरबानी नव्हे. डीपी नेण्या-आणण्यासाठी वर्गणी काढणे तर बंदच करावे. ते काम आणि तो खर्च आपला नाही.

आपल्याच जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले, हे आपण पाहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण वीज कमी तयार होते म्हणून आपली गल्ली अंधारात असते, हा समज बहुतेक वेळा चुकीचा आहे. वीज डीपीपर्यंत येऊन थांबलेली असते. घराच्या छतावर सोलर बसवल्यानेही हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. ते चांगलेच आहे, जरूर बसवा, पण सहेरी, तरावीह आणि चांदरात सूर्यावर चालत नाहीत.

तर करायचे काय? प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांनी घरोघर जाऊन यादी करावी. यादी घरातल्या बाईला विचारून करावी, कारण काय कधी चालते हे तिला ठाऊक असते. वस्तू, वॅट आणि वेळ असे तीन रकाने. घराचा मंजूर भार बिलावरून चौथ्या रकान्यात. ज्यांचा भार कमी लिहिलेला आहे, त्यांनी तो वाढवून घ्यावा. भार वाढवला की बिल वाढेल ही भीती अनेकांना वाटते. सिंगल फेजच्या घरगुती जोडणीचा स्थिर आकार किलोवॅटवर ठरत नाही, जोडणीच्या प्रकारावर ठरतो. युनिट जेवढे वापरता तेवढेच लागतात. अर्जाचा आणि अनामतीचा खर्च एकदाच येतो. ज्यांना मीटर नाही, त्यांनी मीटर घ्यावे.

मग अर्ज. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे असे अर्ज लिहून द्यायचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. बहुतेकांच्या तोंडी ‘डीपी मोठी करून द्या’ एवढेच असते. अर्जात लिहावे : ‘अतिभारित रोहित्राच्या जागी क्षमतावाढ किंवा अतिरिक्त रोहित्र मिळणेबाबत’. खाली घरांची संख्या, एकूण भार, एकाच वेळचा भार, तिन्ही फेजचे रीडिंग, शेवटच्या घरातले व्होल्टेज आणि डीपी गेल्या वर्षात कोणत्या तारखांना जळाली ते लिहावे. रमजानचे आणि उन्हाळ्याचे वेगळे आकडे द्यावेत. अर्ज उपविभागीय कार्यालयात द्यावा आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. पोच नसेल तर तो अर्ज आपण दिलेलाच नाही असे समजा. उत्तर आले नाही तर १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा, त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि शेवटी विद्युत लोकपाल. तिथे वकील लागत नाही, कागद लागतात. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतूनही रोहित्रे बसतात. नगरसेवक, सरपंच दारात आले की हाच कागद त्यांच्या हाती द्यावा.

हे सगळे रमजानच्या किमान तीन महिने आधी व्हायला हवे. कार्यालयाला मंजुरी, साहित्य आणि खांब यांना वेळ लागतो. चांदरातीला डीपी जळाल्यावर केलेल्या ओरड्याने फार तर जुन्याच मापाची दुसरी डीपी मिळते. आधी दिलेल्या आकड्यांनी योग्य मापाची मिळू शकते. शाबानपर्यंत थांबू नका. या आठवड्यात आपल्या गल्लीच्या डीपीवरची पाटी वाचा, आणि घरी येऊन बिलावरचा मंजूर भार.